कवड्याचं दावं

गोठणपेठेच्या मंगळवारच्या बाजारात बैल घ्यायला नवखा माणूस आला, की त्याची एक फजिती ठरलेली. सौदा पटतो, हा गडी खुशीत येऊन बैलाचा दोर धरायला हात पुढं करतो, आणि विकणारा शांतपणे बैलाच्या गळ्यातलं दावं सोडतो, गुंडाळतो आणि काखेत मारतो. बैल तुझा, दावं माझं. या मुलखात बैल विकणारा दावं देत नाही. दाव्यामागून घरची लक्ष्मी निघून जाते, गोठा ओस पडतो, असं म्हणतात. मग हा बिचारा दोन्ही हातांनी बैलाची शिंगं धरून भांबावल्यासारखा उभा राहतो, आणि आजूबाजूचे लोक हसत हसत चिंचेच्या झाडाकडं बोट दाखवतात. तिथं पोतं अंथरून, पुढ्यात दोरांची वेटोळी मांडून अंजनाबाई बसलेली असायची.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अंजनाबाईनं तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत, आणि तळहात असे खरबरीत, की नातवाच्या गालावरून हात फिरवला तर ते पोर तोंड वाकडं करायचं.

गोठणपेठ हे गाव माणसांनी वसवलंच नाही, ते बैलांनी वसवलं, असं ती सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मोटारी नव्हत्या, रस्ते नव्हते, तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून या जंगलातून जायचे. नदी जिथं पायी ओलांडता यायची, तिथं दुपारच्या वेळी बैल सावलीला बसायचे. गुरांच्या अशा दुपारच्या बैठकीला गोठण म्हणतात. बैल बसले म्हणून खुरांना नाल ठोकणारा एक जण तिथं राहिला. तो राहिला म्हणून त्याला भाकर घालणारी कोणी राहिली. मग तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, विकणारा आला, चिलमीचा तंबाखू विकणारा आला, आणि पाहता पाहता पेठ झाली. पुढं मालगुजारानं मंगळवार बांधून दिला. त्याच्याही पुढं सागवानाचे ठेकेदार आले, जंगलातून ओंडके ओढायला त्यांना तगडे बैल लागायचे, तेव्हा म्हणे बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मग ट्रक आले आणि शहाणे लोक म्हणाले, झालं, संपला तुमचा बाजार. कुठला संपतो? धानाच्या इवल्याशा बांध्यांत चिखल करायला ट्रक जातो का? तिथं बैलच लागतो. म्हणून मृगाच्या आधी छत्तीसगडाकडून बैलांचे कळप पायी पायी यायचे, आणि गावातलं प्रत्येक घर त्या एका दिवसावर आठवडाभर जगायचं. कोणी शिंगं तासायचा, कोणी पाणी भरायचा, कोणी भजी तळायचा. बाजार उठल्यावर बाया टोपल्या घेऊन शेणाला धावायच्या, त्यावरून भांडणंही व्हायची, आणि ती भांडणं पुढच्या मंगळवारपर्यंत टिकायची.

अंजनाबाईच्या लोकांच्या वाट्याला या सगळ्यातलं काय यायचं, तर मेलेलं ढोर. ते ओढून न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्या वस्तीचं. छप्पन साली अंजनाबाई आणि तिचा नवरा श्रावण, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर श्रावणनं गावच्या पाटलाला सांगितलं, मेलेलं ढोर आता आम्ही ओढणार नाही. गावानं काही दिवस तोंड फिरवलं, कामाला बोलावणं बंद केलं. तेव्हा या दोघांनी पळसाची मुळं खणून, कुटून त्यांचा वाख काढला आणि दोर वळायला घेतले. मेलेलं ढोर ओढायचं सोडून जितं ढोर बांधायचा धंदा धरला. बैलाची शिंगं धरून उभा राहिलेला माणूस दोर कुणाच्या हातचा आहे ते विचारत नाही, त्याला दोर पाहिजे असतो. असा त्यांचा जम बसला.

गंमत अशी, की लक्ष्मीबिक्ष्मी अंजनाबाई अजिबात मानायची नाही. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेला विहारात वंदना. बाजारातला दलाल लटारू तिला त्यावरून फार छळायचा. या लटारूच्या रुमालाखाली बोटं दाबून अर्ध्या बाजाराचे सौदे व्हायचे, आणि उरलेल्या अर्ध्या बाजाराची तो चेष्टा करायचा.

"बाई, लक्ष्मीले मानत नाई अन् तिच्याच जिवावर जेवता," तो म्हणायचा.

"लोकं मानतेत म्हनून माया दोर खपते," अंजनाबाई म्हणायची. "म्या बी मानावं असं काई लिवलं आहे का कुठी?"

तिच्या हातचा दोर मात्र नावाजलेला होता. घट्ट, सारखा, हाताला न टोचणारा. श्रावणच्या दोराचं तसं नव्हतं. श्रावण डावरा होता. डाव्या हातानं पीळ द्यायचा, त्यामुळं त्याच्या दोराचा पीळ उलटा पडायचा. गिऱ्हाईक हातात धरून बघायचं, काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि खाली ठेवायचं. उलट्या पिळाचा दोर दुसऱ्या दोराशी नीट बांधला जात नाही, गाठ सुटते. अंजनाबाई त्याच्यावर करवादायची, "सरका तिकडं, तुमी नुसतं वाख कुटा, वळाचं मायं मी पाहतो." तो हसायचा आणि लपूनछपून वळायचाच. त्याचे दोर बाजारात जायचे नाहीत, घरीच वापरले जायचे. विहिरीला त्याचा, पाळण्याला त्याचा, गोठ्यातल्या बैलांना त्याचा. चार वर्षांपूर्वी तो हिवतापानं गेला. अंजनाबाई रडली, उठली, आणि पुढच्या मंगळवारी चिंचेखाली जाऊन बसली. घरात बसून काय करणार होती?

त्यांची बैलजोडी होती, बांड्या आणि कवड्या. कवड्या पांढरा, अंगावर कवड्या चिकटवाव्या तसे फिके ठिपके. मागच्या पावसाळ्यात बांड्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो बांधावरच पडला. तेव्हापासून कवड्या एकटा. एकट्या बैलाचं काय करता? नांगर चालत नाही, गाडी चालत नाही. शेत अंजनाबाईनं बटईनं देऊन टाकलं. कवड्या दिवसभर उभ्याउभ्या रिकाम्या खुंट्याकडं बघायचा. तनीस टाकली तर तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा तिनं ठरवलं, याला जोड लागेल अशा घरी द्यायचा.

तो मृगाच्या आधीचा शेवटला भरगच्च बाजार होता. चिमूरकडचा दुसरा दोरवाला त्या दिवशी आलाच नाही, आणि दुपार व्हायच्या आत अंजनाबाईचा सगळा माल संपला. पोत्यावर साधी वेसण उरली नाही. मग ती पोतं झटकून उठली आणि कवड्याला घेऊन लटारूपाशी उभी राहिली.

गिऱ्हाईक आलं ते एटापल्लीकडचं, दसरू नावाचं. मुंडाशाखाली शांत चेहरा, बोलणं कमी. त्याच्या घरी एक तांबडा बैल होता, त्याचाही जोडीदार गेला होता. दसरूनं आधी दात बघितले नाहीत. तो कवड्याच्या मानेवर, जू बसून बसून घट्टा पडलेल्या जागी हात ठेवून नुसता उभा राहिला. अंजनाबाईला ते आवडलं. सौदा पटायला वेळ लागला नाही.

मग दसरूनं इकडं तिकडं पाहिलं. "दोर तं इथीच भेटते म्हने ना?"

झालं, हशा पिकला. दोरवालीचाच बैल आणि दोरवालीकडंच दोर नाही. लटारूला तर कुणी आयतं ताट वाढून दिल्यासारखं झालं.

"आता पाहा मज्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाई, कवड्याचं दावं तं तुमी सोडूनच घ्याल. का इहारात मानाचं नाई, अन् बजारात आलं का मानाचं?"

चेष्टाच होती. रोजचीच होती. पण त्या दिवशी कवड्याला सोडून द्यायचं होतं, मन आधीच हळवं झालेलं होतं, आणि चारचौघांत ते बोलणं तिला झोंबलं. एवढी वर्षं आपण जे बोललो ते काय नुसतं बोलायचं म्हणून? तिचा हात दाव्याच्या गाठीकडं गेला होता, तो तिनं मागं घेतला.

"ने बाप्पा, दाव्यासकट ने," ती दसरूला म्हणाली. "माया घरी लक्ष्मी दोरावर नाई चालत. माया हातावर चालते."

आजूबाजूचे लोक हसायचे थांबून जवळ सरकले. लटारूचंसुद्धा तोंड उघडं राहिलं. दसरू घाबरला. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. "बाई, सोच करून सांगा. असं कोनी देत नाई."

"म्या देल्लं. ने."

त्यानं कवड्याला नमस्कार केला, तिला नमस्कार केला आणि तो गेला. अंजनाबाई घरी आली ती ताठ मानेनं. त्या रात्री जेवण गोड लागलं. लटारूचं तोंड बंद केल्याचा आनंद काही लहान नसतो.

सकाळी सवयीनं ती झाडू घेऊन गोठ्यात गेली. रिकामा खुंटा बघून म्हणाली, बरं झालं, गेला बिचारा जोडीला. मग तिची नजर खुंट्याच्या बुडाशी गेली. तिथं दाव्यानं घासून घासून लाकडाला गुळगुळीत कडं पडलं होतं. हे दावं किती जुनं असेल असं तिच्या मनात आलं, ते कोणी वळलं ते आठवलं, आणि झाडू टाकून ती खुंट्यापाशी वाकली. ते दावं श्रावणचं होतं. रोज डोळ्यांपुढं असायचं, घामानं काळं झालेलं, म्हणून तिला ते दिसेनासंच झालं होतं.

ती माळ्यावर चढली. असेल अजून एखादा. एक वेटोळं सापडलं, पण हात लावताच भुसा झाला, वाळवीनं आतून खाल्लं होतं. विहिरीचा दोर मुलानं, खुशालनं, गेल्या साली बदलून नायलॉनचा लावला होता. पाळण्याचा दोर पाळण्यासकट नणंदेकडं गेला होता आणि तिच्या घराला आग लागली तेव्हा जळाला होता. बांड्याचं दावं बांड्यासोबतच पुरलं होतं. श्रावणच्या हातचं जगात एकच दावं उरलं होतं, आणि ते तिनं लटारूचं तोंड बंद करायला देऊन टाकलं होतं.

"माय माय, काय अवदसा आठवली व तुले," ती स्वतःलाच म्हणाली आणि माळ्यावरच बसून राहिली.

आता परत मागायचं तर कसं मागायचं? दसरूचं गाव फक्त लटारूला ठाऊक. लटारूला विचारलं, की तो बाजारभर दवंडी पिटणार, दोरवाल्या बाईला शेवटी लक्ष्मी आठवली म्हणून. मग एवढी वर्षं ताठ मानेनं काढली ती गेली पाण्यात. आणि नाही विचारलं, तर दावं गेलं. एक तर शब्द राहील, नाही तर श्रावणच्या हातची खूण. रात्री वाटायचं, जाऊ दे, दोरच तो. सकाळी दोर वळायला बसली, की तिचा उजवा हात पीळ द्यायचा आणि तिला समोर बसून डाव्या हातानं वळणारा श्रावण दिसायचा. मग हातातला वाख तसाच राहायचा.

रविवारी खुशाल आला. तो गडचिरोलीला सरकारी ऑफिसात शिपाई होता, नवा जिल्हा झाला तेव्हा लागलेला. गुणाचा मुलगा. आईचा उतरलेला चेहरा बघून त्यानं चौकशी केली. सासूजवळच राहणारी त्याची बायको सत्यशीला म्हणाली, "कवड्याची आठवन येऊन राह्यली त्यायले." अंजनाबाईनं होय म्हणून टाकलं. पुढच्या खेपेला खुशालनं आईला बरं वाटावं म्हणून निळ्याशार नायलॉनची मोठी गुंडाळी आणली. "आई, आता हे विक. वळाची कटकट नाई, सडत नाई, तुटत नाई." तिनं ती ठेवून घेतली, विकलीही, आणि गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगितलंही, की हा बैलाच्या मानेला घासतो. नायलॉनवर तिचा राग नव्हता. खुशालवर तर नव्हताच. आपल्याला काय झालंय हे पोटच्या पोराला सांगता येत नाही, याचाच तिला राग यायचा.

लटारूला तिनं आडून आडून विचारून पाहिलं.

"त्या दिवशी तो मानूस आला होता, कुठचा होता रे?"

"कोनता मानूस, बाई?"

"अरे तोच. कवड्या नेला तो."

"काऊन, काई राह्यलं का त्याच्याकडं?" लटारूनं डोळे बारीक केले.

"राह्यते काय? कवड्या खाते-पेते का नाई, पुसावं म्हनलं."

"विकल्या बैलाची खबर घेऊ नाई, बाई. जीव अटकते." आणि मग ते हसू आलंच. "का लक्ष्मीची खबर पायजे?"

"हट," ती म्हणाली आणि दोराची वेटोळी उगाच इकडची तिकडं करत बसली.

असं दोनतीनदा झालं. पावसाळा लागला, बाजार ओसरला, धानाच्या रोवण्या झाल्या, पोळा झाला. पोळ्याला वस्तीतल्या पोरांनी मातीचे बैल केले, ते बघून तिला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. पाण्यापावसात दावं कुजलं असेल तर? पळसाचा वाख पाण्यात टिकतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी भीती वाटलीच. जीव अडकला, की माणसाची अक्कल अशीच चालते.

दिवाळी होऊन गेली. धान कापून झालं आणि बाजार पुन्हा भरायला लागला. एका मंगळवारी अंजनाबाई सकाळीच उठून लटारूपुढं जाऊन उभी राहिली. रात्रभर तिनं स्वतःशी भांडून घेतलं होतं आणि त्यात ती हरली होती, किंवा जिंकली होती, काय म्हणायचं ते म्हणा.

"लटारूभाऊ, चेष्टा करायची ते आता करून घे. मले त्या मानसाचं गाव सांग. मले मायं दावं वापस पायजे."

लटारूच्या ओठांवर शब्द आलाच होता. पण तिचा चेहरा बघून तो त्यानं गिळला. "मुरमाटोला," तो म्हणाला. "एटापल्लीच्या गाडीत बसा. फाट्यावर उतरून जंगलातली वाट आहे." ती वळली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. शेवटी लटारूच तो. "बाई, लक्ष्मी आनली का मले दाखवजा बरं."

"दाखवतो," ती म्हणाली.

रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. बैलाच्या गळ्यातलं दावं काढायचं तर आधी दुसरं बांधायला पाहिजे. तिनं पळसाचा आणि अंबाडीचा वाख एकत्र करून तीन पदरी दावं वळलं, असं, की स्वतःच दोनदा हात फिरवून बघितलं. ते पिशवीत घालून ती लाल गाडीत बसली. नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली, सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या. तिच्या पिशवीत दोर आणि भाकर निघाली. पोलीस म्हणाला, "हे काय, मावशी?" ती म्हणाली, "दोर आहे बाप्पा. बैलाच्या कामाचा." त्यानं पिशवी परत दिली.

मुरमाटोला म्हणजे दहाबारा घरं, प्रत्येक घराभोवती लाकडी कुंपण, अंगणं शेणानं सारवून आरशासारखी केलेली. दसरूच्या घरामागच्या खळ्यावर धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं आणि बैल विसाव्याला बसले होते. कवड्या तिला लांबूनच दिसला. अंगावर मांस धरलं होतं, कातडी तुकतुकीत झाली होती. त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा तनीस खायला लागला. ओळखलं की नाही कोण जाणे. ओळखलं असं अंजनाबाईनं ठरवून टाकलं.

दसरूची बायको मंगली सूप घेऊन बाहेर आली. कोण, कुठल्या, विचारपूस झाली. गोठणपेठेचं नाव ऐकलं आणि मंगलीच्या हातातलं सूप खाली आलं. ती आत धावली, दसरूला घेऊन आली. दसरूनं जोहार केला, पण मान वर करेना.

"बाई, तुमचं दावं," तो म्हणाला आणि थांबला.

"तेच न्यायले आलो," अंजनाबाई म्हणाली. "नवं आनलं आहे त्याच्या बदल्यात."

"आमी कापलं ते," मंगलीनं सांगून टाकलं.

अंजनाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. मंगली भरभर बोलत होती. त्यांच्या घरची रीत अशी, की नवी जोडी लावायची, तर दोन्ही बैलांना एकाच दोराचे दोन तुकडे करून बांधायचे, म्हणजे मन जुळतं. दसरू म्हणत होता, बाईचं दावं तसंच ठेवू, दुसरा दोर त्याला जोडून एकाच दोरात दोघांना बांधू. पण त्या दाव्याचा पीळच उलटा. दुसऱ्या दोराशी गाठ मारली, की सुटायची. कवड्या रात्री सुटून दाराशी येऊन उभा राहायचा, खायचा नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, त्याचेच दोन करा. दोन केले, आणि दोघांनी एका गव्हाणीत तोंड घातलं.

"तुमची लक्ष्मी कापली म्या," दसरू म्हणाला. "तवापासून मले झोप नाई. येतो येतो म्हनत होतो, पन कोनत्या तोंडानं येऊ?"

तेव्हा अंजनाबाई खळ्याच्या कडेला बसली आणि जे तिनं पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं, लटारूला सांगितलं नव्हतं, ते या दोन परक्या माणसांना सांगितलं. "लक्ष्मीचं काई नाई, बाप्पा. माये मालक डावरे होते. ते दावं त्यायच्या हातचं आहे. दुसरं उरलं नाई. चार लोकाईपुढं तोरा मिरवाले म्या ते देऊन टाकलं." बोलताना ती रडली. मंगलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आंबील आणून दिली. ती आंबट, गार आंबील पोटात गेली, तेव्हा तिला वाटलं, हे आपण आधीच कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं.

दसरू उठला आणि बैलांकडं गेला. दोन्ही तुकडे सोडून तिच्या पदरात घालायला निघाला होता.

अंजनाबाई बघत होती. तांबडा बैल उठायला लागला, तसा कवड्याही उठला. तांबडा पुन्हा बसला, कवड्या त्याच्या पाठीला पाठ टेकवून बसला आणि रवंथ करायला लागला. दोघांच्या गळ्यात तेच काळं, उलट्या पिळाचं दावं होतं. हाच कवड्या तिच्या गोठ्यात वर्षभर उभ्याउभ्या वाळत होता.

"थांब," ती म्हणाली. "एकच सोड. तांबड्याचं."

तिनं आपल्या पिशवीतलं नवं दावं काढलं आणि स्वतःच्या हातानं तांबड्याच्या गळ्यात बांधलं. मग जुनं सोडलं. कवड्याच्या गळ्यातल्या गाठीला तिनं हात लावून बघितला. गाठ पक्की होती. ती तशीच राहू दिली. निघताना दसरूनं तिला कोहळा दिला, मंगलीनं मोहाची वाळलेली फुलं बांधून दिली, आणि दोघं फाट्यापर्यंत पोचवायला आली.

पुढच्या मंगळवारी लटारू सकाळपासून चिंचेच्या झाडाभोवती घुटमळत होता. शेवटी आलाच.

"मंग, बाई? आनली का लक्ष्मी?"

बाजूला दोनचार जण कान देऊन उभे होते. अंजनाबाईनं पोत्याखालून काळा पडलेला दोराचा तुकडा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला.

"लक्ष्मी कायची, भाऊ. मालक आनले."

"एवढेसेच?" लटारू म्हणाला. सवय, दुसरं काय.

"अर्धे," ती म्हणाली. "अर्धे तिकडं राह्यले, कवड्याजवळ. त्याची जोड लागली आहे. मायी तं मोडली, त्याची कायले मोडू?"

लटारू खाली बसला. त्यानं तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला, बोटांनी त्याचा पीळ चाचपला, आणि बराच वेळ परत दिला नाही.